जड फोटोंमुळे इनडिझाइन अडखळतं तेव्हा: दिवाळी अंकाची पानं लावणाऱ्यांसाठी

सप्टेंबर लागला की दिवाळी अंकांच्या कामाला जोर चढतो. लेखकांचा मजकूर येत राहतो, जाहिराती शेवटच्या क्षणापर्यंत येतात, आणि फोटो येतात ते कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून निघाले तसेच. पहिली दहा-वीस पानं भराभर लागतात. मग हळूहळू इनडिझाइन हा पानं लावण्याचा प्रोग्राम जड होत जातो. पान सरकवलं की फोटो तुकड्यातुकड्यानं उमटतो, फ्रेम ओढली की ती हाताच्या मागे राहते, सेव्ह केलं की चक्र फिरत बसतं आणि वर 'नॉट रिस्पाँडिंग' असं दिसू लागतं. मुद्रितं घेऊन संपादक शेजारी बसलेले असतात आणि एक वेलांटी दुरुस्त करायलाही ताटकळावं लागतं.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. रॅम वाढवल्यानं फरक पडतो, नाही असं नाही. पण माझं ठाम मत आहे की दुखणं बहुतेक वेळा फोटोंच्या मापात असतं. पानावर जेवढा फोटो छापायचा आहे त्याच्या कितीतरी पट मोठी फाइल आपण तिथे बसवलेली असते. ती पानावर येण्याआधी योग्य मापाची करून घेतली तर आहे त्याच संगणकावर काम सुरळीत होतं. पडद्यावरच्या दर्शनाच्या सेटिंग्ज, ग्राफिक कार्ड, नवी हार्ड डिस्क हे सगळं त्यानंतरचं.

या लेखातली मुख्य उदाहरणं इनडिझाइनची आहेत. स्क्रायबस आणि कोरलड्रॉ हे दुसरे प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे, पण फोटोंच्या मापाचा हिशेब तिन्हीकडे एकच लागतो.

फोटो खरोखर किती जड असतो

फोल्डरमध्ये दिसणारा आकडा फसवा असतो. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. त्याची जेपीईजी फाइल आठ-दहा एमबीची दिसते, कारण ती दाबून ठेवलेली असते. कुठलाही प्रोग्राम ती पूर्ण उघडतो तेव्हा दर पिक्सेलला आरजीबीत (पडद्याचे लाल, हिरवा, निळा हे तीन रंग) तीन बाइट लागतात, म्हणजे ७२ एमबी. सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया) चार बाइट, म्हणजे ९६ एमबी. फाइल १६ बिटची असेल तर याच्या दुप्पट. असे १२० फोटो अंकात असतील तर आरजीबीतच साडेआठ जीबीच्या वर माल होतो. प्रोग्राम सगळे फोटो एकाच वेळी उघडत नाही हे खरं, पण पीडीएफ काढताना किंवा उच्च दर्जाच्या दर्शनात पानं चाळताना त्याला यातूनच जावं लागतं.

आता हा फोटो पानावर ५ सेंटिमीटर रुंद लावला असं समजा. ६००० पिक्सेल दोन इंचांहून कमी जागेत दाबले गेले, तेव्हा त्याचं प्रत्यक्ष रिझोल्यूशन झालं सुमारे ३०४८ पीपीआय, म्हणजे दर इंचाला तेवढे पिक्सेल. आर्ट पेपरवरच्या चांगल्या ऑफसेट छपाईला ३०० पुरतात. म्हणजे त्या जागेला ६०० बाय ४०० पिक्सेलचा फोटो पुरेसा होता, आणि तो सीएमवायकेत उघडून जेमतेम एक एमबी भरतो. शंभरपट फरक आहे हा. छापलेल्या पानावर मात्र तो तसूभरही दिसत नाही, कारण छपाईचा स्क्रीनच (शाईच्या ठिपक्यांची जाळी) त्याहून बारीक तपशील दाखवू शकत नाही.

३०० हा आकडा त्या स्क्रीनवरूनच येतो. आर्ट पेपरवर साधारण १५० लाइनचा स्क्रीन वापरतात आणि फोटोचं रिझोल्यूशन स्क्रीनच्या दीड ते दोन पट असावं असा नियम आहे. वर्तमानपत्री कागदावर स्क्रीन ८५ ते १०० लाइनचा असतो, म्हणून तिथे २०० पीपीआयसुद्धा भरपूर झाले. कुठल्या कागदावर किती लाइनचा स्क्रीन लावणार हे प्रेसला फोन करून विचारावं. एका फोनचं काम आहे, पण त्या उत्तरावर सगळ्या अंकाचं वजन ठरतं.

आधी दुखणं फोटोंचंच आहे का ते बघा

कामाला हात घालण्यापूर्वी एक सोपी चाचणी करा. व्ह्यू मेनूत डिस्प्ले परफॉर्मन्समध्ये जाऊन फास्ट डिस्प्ले निवडा. विंडोजवर यासाठी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि झेड ही कळ आहे. सगळे फोटो राखाडी चौकोन होतील. आता मघाचंच पान सरकवा, मजकुरात दोन शब्द टाइप करा, एखादी फ्रेम ओढा.

काम एकदम हलकं झालं तर गुन्हेगार फोटो, सावल्या किंवा वेक्टर (पिक्सेलऐवजी रेषा-बिंदूंनी बनलेली) चित्रं यांपैकीच कुणीतरी आहे. काहीच फरक पडला नाही तर फोटोंच्या मागे लागून वेळ घालवू नका. तेव्हा एकाच साखळीत जोडलेला शंभर पानांचा मजकूर, फाइलमधल्या चुका सतत तपासणारं लाइव्ह प्रीफ्लाइट, किंवा वर्षानुवर्षं सेव्ह करत आणलेली जुनी फाइल, यांतलं काहीतरी असतं. लाइव्ह प्रीफ्लाइट खिडकीच्या खालच्या पट्टीतून बंद करता येतं. ते पानं लावून होईपर्यंत बंदच ठेवावं असं मी सांगेन. प्रत्येक बदलानंतर सगळा दस्तऐवज तपासत बसण्याची गरज कामाच्या मधल्या टप्प्यात नसते. गेल्या वर्षीच्या अंकाच्या फाइलवरच या वर्षीचा अंक लावत असाल तर ती एकदा आयडीएमएल (इनडिझाइनचाच दुसरा फाइल प्रकार) म्हणून एक्सपोर्ट करून पुन्हा उघडा आणि नव्या नावानं सेव्ह करा. आत साठलेला बराच गाळ निघून जातो.

याच वेळी टास्क मॅनेजरही उघडा. त्याला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर दिसली तर रॅम संपून विंडोज डिस्कवर कामचलाऊ जागा वापरतंय. ब्राउझरच्या पंचवीस खिडक्या आणि शेजारी उघडं फोटोशॉप बंद केल्यावरही आराम पडतो का ते बघा.

फोटो पानावर येण्याआधीचं काम

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

दोन फोल्डर करा. एकाचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'पानासाठी'. आलेला प्रत्येक फोटो आधी 'मूळ' मध्ये जाईल आणि तिथल्या फाइलला कुणीही हात लावणार नाही. नाव मात्र तिथेच बदलून घ्या. कॅमेऱ्यानं दिलेली नावं दोन वेगवेगळ्या छायाचित्रकारांच्या फोटोंना एकच असू शकतात आणि पुढे लिंकांचा, म्हणजे पानाला जोडलेल्या फाइलींचा, गोंधळ होतो. लेखाचा क्रमांक आणि फोटोचा क्रमांक एवढं नाव पुरतं.

मग मापं ठरवा. ३०० पीपीआयला एका सेंटिमीटरमध्ये ११८ पिक्सेल बसतात. डोक्यात हिशेब करायला १२० धरा, थोडी सूटही मिळते. ए-फोर आकाराच्या अंकात दोन कॉलमची मांडणी असेल तर एक कॉलम साडेआठ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे १०२० पिक्सेल. पूर्ण पान तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर सोडलेला भाग) धरून २१.६ बाय ३०.३ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २६०० बाय ३६४०. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला फोटो ४२.६ सेंटिमीटर, म्हणजे ५१०० पिक्सेल. कॅमेऱ्यातला मूळ ६००० पिक्सेलचा फोटो कामी येतो तो फक्त इथे, अंकाच्या मधल्या जोडपानावर. बाकी सगळीकडे तो जास्तच आहे.

प्रत्येक फोटोचं माप स्वतंत्र काढत बसू नये, ते होतही नाही. तीन ठरावीक मापं धरावीत: लांब बाजू १२०० पिक्सेल, २४०० पिक्सेल आणि ३७०० पिक्सेल. लेखकाचा चेहरा आणि कॉलमभर फोटो पहिल्यात, दोन कॉलमभर रुंद फोटो दुसऱ्यात, पूर्ण पान तिसऱ्यात. संपादकांचं मन बदलून कॉलमभर फोटो अर्ध्या पानाचा होण्याची शक्यता असेल तर सरळ वरचं माप घ्या. एवढ्यानं काही जड होत नाही. उभा फोटो कॉलमभर लावायचा असेल तर लांब बाजू उंचीची असते हे लक्षात ठेवून १२०० ऐवजी २४०० चा गट घ्यावा.

फोटोशॉप असेल तर फाइल मेनूत स्क्रिप्ट्सखाली इमेज प्रोसेसर आहे. त्यात फोल्डर दाखवायचा, जेपीईजी निवडायचं, दर्जा १२ पैकी १० किंवा ११ ठेवायचा, आणि रिसाइझ टू फिटमध्ये रुंदी व उंची दोन्हीकडे तेच माप भरायचं, उदाहरणार्थ २४०० आणि २४००. आडवा फोटो असो वा उभा, तो त्या चौकटीत बसेल असा लहान होतो. मुळातच लहान असलेले फोटो या खेपेत घालू नका, ते उगाच ताणले जाऊ शकतात. फोटोशॉप नसेल तर इर्फानव्ह्यू हा छोटासा प्रोग्राम हेच काम करतो. तो उघडून बी ही कळ दाबली की बॅच कन्व्हर्जनची खिडकी येते, आणि अॅडव्हान्स्डमध्ये लांब बाजूचं माप देता येतं.

आतली पानं एकरंगी असतील तर आणखी एक मोठी बचत हाताशी आहे. आपल्याकडे कितीतरी दिवाळी अंकांची आतली पानं काळ्या शाईतच छापली जातात आणि रंगीत फक्त मुखपृष्ठ व काही जाहिराती असतात. तरीही आतल्या पानांवर रंगीत फोटोच लावलेले दिसतात. ते फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल करून घ्या. दर पिक्सेलला तीन बाइटांऐवजी एकच बाइट, म्हणजे वजन एक तृतीयांश. शिवाय काळ्यापांढऱ्या फोटोचा उजेड-अंधार तुम्ही स्वतः बघून ठरवू शकता. नाहीतर तो निर्णय प्रेसच्या संगणकावर आपोआप होतो आणि चेहरे काळवंडतात.

रंगीत फोटो मात्र शक्यतो आरजीबीतच पानावर ठेवावेत आणि सीएमवायके रूपांतर पीडीएफ काढताना करावं. फाइल पाव भागानं हलकी राहते आणि कागद बदलला तर प्रोफाइल (रंगांचं रूपांतर कसं करायचं ते सांगणारी फाइल) एकाच ठिकाणी बदलावं लागतं. प्रेसचा आग्रह सीएमवायकेचा असेल तर त्यांच्याकडून प्रोफाइल घेऊन मगच रूपांतर करा.

रेखाचित्रांचा नियम वेगळा आहे, आणि इथे सरसकट ३०० करणं म्हणजे चित्राचं नुकसान. दिवाळी अंकातली शाईनं काढलेली चित्रं, व्यंगचित्रं, हस्ताक्षरातली पत्रं, सही, हे सगळं ३०० ला स्कॅन केलं की रेषांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. हे काम १२०० ला करावं, पण एक बिट बिटमॅपमध्ये, म्हणजे दर पिक्सेल फक्त काळा किंवा पांढरा. ए-फोर आकाराचं चित्र १२०० ला रंगीत स्कॅन केलं तर उघडल्यावर ४१८ एमबी होतं. तेच फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल करून मग बिटमॅप मोडमध्ये थ्रेशोल्डनं बदललं तर साडेसतरा एमबी. रेषा तेवढीच धारदार राहते. पेन्सिलीची किंवा जलरंगाची छटा असेल तर अर्थात हे चालणार नाही, तिथे फोटोचाच नियम.

जुन्या फोटोंच्या स्कॅनिंगला एकच सूत्र: किती पट मोठा छापणार ते ३०० ला गुणा. चार सेंटिमीटरचा फोटो आठ सेंटिमीटरचा छापायचा तर ६०० ला स्कॅन पुरे. सवयीनं सगळंच १२०० किंवा २४०० ला स्कॅन करून ठेवलं तर ते संग्रहासाठी उत्तम, पण ती फाइल 'मूळ' मध्ये राहील, पानावर येणार नाही.

एक उलटी बाजूही सांगायला हवी. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं आलेला फोटो बऱ्याचदा १६०० पिक्सेलच्या आसपास लहान झालेला असतो. तो साडेतेरा सेंटिमीटरपर्यंत चालतो, पूर्ण पानाला नाही. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं आधीच सांगून ठेवा.

आधीच लागलेला अंक हलका करायचा असेल तर

साठ पानं लावून झाली आहेत आणि हा लेख आज वाचताय, तरी बिघडलेलं नाही.

लिंक्स पॅनेल उघडा. त्याच्या मेनूत पॅनेल ऑप्शन्समध्ये जाऊन इफेक्टिव्ह पीपीआयचा (पानावरच्या प्रत्यक्ष रिझोल्यूशनचा) कॉलम दाखवायला लावा आणि त्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करा. सगळे फोटो रिझोल्यूशनच्या क्रमानं लागतील. ज्यांच्यापुढे १०००, २०००, ३००० असे आकडे दिसतात ती तुमची पहिली यादी. ४५० च्या आतल्यांना हात लावायची गरज नाही.

ही यादी एक प्रकार मात्र पकडत नाही. स्नेहसंमेलनाचा समूहफोटो आहे, ६००० पिक्सेल रुंद, आणि त्यातून एकाच बाईंचा चेहरा तुम्ही फ्रेममध्ये घेतला आहे. चेहऱ्याला मिळतात ८०० पिक्सेल, फ्रेम पावणेसात सेंटिमीटरची, इफेक्टिव्ह पीपीआय बरोब्बर ३००. आकडा निर्दोष दिसतो. पण फ्रेमच्या बाहेर लपलेला अख्खा समूह, अर्ध्या मीटरहून थोडा अधिक रुंद, त्या पानाला जोडलेला आहे आणि प्रोग्राम पूर्ण फाइलच उचलतो. अशा फोटोंसाठी यादीत पिक्सेल मापाचा कॉलमही दाखवून घ्या. लहान फ्रेम आणि ६००० पिक्सेल अशी जोडी दिसली की फोटोशॉपमध्ये चेहऱ्याभोवती थोडी जागा सोडून फोटो कापा आणि वेगळ्या नावानं ठेवा.

बाकीच्या यादीसाठी सगळे फोटो वर सांगितल्याप्रमाणे एकदम लहान करून 'पानासाठी' या फोल्डरमध्ये त्याच नावांनी ठेवा. मग लिंक्स पॅनेलमध्ये ते निवडून मेनूतून रीलिंक टू फोल्डर द्या. नावं तीच असल्यामुळे सगळे फोटो एका झटक्यात बदलतात. एक्स्टेन्शन वेगळं असेल, म्हणजे आधी टिफ होतं आणि आता जेपीईजी आहे, तर तेही त्याच खिडकीत सांगता येतं. त्याआधी प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली 'प्रिझर्व्ह इमेज डायमेन्शन्स व्हेन रीलिंकिंग' वर खूण आहे ना ते बघा. ती असेल तर नवा फोटो जुन्याच्याच जागी, त्याच आकारात बसतो. नसेल तर प्रत्येक फ्रेममध्ये इवलासा फोटो कोपऱ्यात दिसेल. हे सगळं फाइलची प्रत काढून तिच्यावर करा. आणि लहान करताना फोटो कापू नका, फक्त लहान करा. प्रमाण बदललं की जागा हलते.

हलक्या प्रती पानावर ठेवून मूळ फाइल शेवटी जोडण्याची ही कल्पना जुनीच आहे. १९८५ साली पेजमेकर आणणाऱ्या ऑल्डस कंपनीनंच पुढे ओपीआय नावाची पद्धत आणली. तिच्यात मांडणी करणाऱ्याच्या पडद्यावर हलकी प्रतिमा असायची आणि छपाईच्या वेळी सर्व्हरवरची मोठी फाइल तिच्या जागी यायची. तेव्हाच्या संगणकांना दुसरा इलाजच नव्हता. आज लहान केलेली ३०० पीपीआयची प्रत छपाईलाही पुरते, म्हणून मूळ फाइल परत जोडण्याचीही गरज उरत नाही.

फोटोशॉपमधून कॉपी करून इनडिझाइनमध्ये पेस्ट केलेले फोटो लिंक्स पॅनेलमध्ये दिसतच नाहीत. ते दस्तऐवजातच शिरलेले असतात आणि फाइल फुगवतात. असा फोटो सापडला की काढून टाका आणि प्लेस करून पुन्हा लावा. एम्बेड केलेले असतील तर त्याच मेनूतून अनएम्बेड करता येतात.

पडद्यावर काय दाखवायचं

फोटोंची मापं ठीक झाली की उरलेला भार दर्शनाच्या सेटिंगनं कमी होतो. टिपिकल डिस्प्लेमध्ये इनडिझाइन स्वतः बनवलेली कमी रिझोल्यूशनची प्रतिमा दाखवतं. हाय क्वालिटीत ते मूळ फाइल वाचतं. मजकुराचं काम टिपिकलमध्येच करा. कळ कंट्रोल, ऑल्ट, झेड. फोटोची कड बघायची, चेहरा फ्रेममध्ये नीट बसवायचा, तेव्हा फक्त तो फोटो निवडून ऑब्जेक्ट मेनूतल्या डिस्प्ले परफॉर्मन्समधून त्या एकालाच हाय क्वालिटी द्या. सगळा अंक कशाला उजळायचा? काम झालं की व्ह्यू मेनूतून क्लिअर ऑब्जेक्ट लेव्हल डिस्प्ले सेटिंग्ज द्यायला विसरू नका, नाहीतर असे फोटो पानोपानी साठत जातात. फोटो धूसर दिसला म्हणून छपाई धूसर येत नाही, हे संपादकांनाही आधीच सांगून ठेवा. या सेटिंगचा पीडीएफशी संबंध नाही.

ग्राफिक कार्डाचा आधार असलेल्या संगणकावर जीपीयू परफॉर्मन्स चालू असतो आणि तेव्हा दर्शन आपोआप उच्च दर्जावर जाऊ शकतं. कार्ड चांगलं असेल तर छानच. जुन्या संगणकावर ते बंद करून बघा. ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू (शाईवर शाई कशी छापली जाईल ते दाखवणारं दर्शन) चालू राहिला असेल तरीही सगळं उच्च दर्जात दिसतं आणि फास्ट डिस्प्ले निवडूनही फरक पडत नाही. वर सांगितलेली चाचणी करताना तो बंद आहे ना ते बघाच.

प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसखाली लाइव्ह स्क्रीन ड्रॉइंग आहे. ते डिलेड केलं की फ्रेम ओढताना आतला फोटो सतत नव्यानं काढला जात नाही. पेजेस पॅनेलमधली पानांची लघुचित्रंही पॅनेल ऑप्शन्समधून बंद करता येतात. आणि फाइल हँडलिंगमधलं दस्तऐवजाबरोबर पूर्वदृश्य सेव्ह करण्याचं काम बंद केलं की सेव्ह होण्याचा वेळ कमी होतो.

पार्श्वभूमी, सावल्या आणि जाहिराती

जुन्या कागदाचा पोत सगळ्या पानांच्या मागे असावा अशी हौस बऱ्याच अंकांना असते. तो पोत पूर्ण पानाच्या टिफ फाइलच्या रूपात पॅरेंट पेजवर (सगळ्या पानांना लागू होणाऱ्या साच्याच्या पानावर) बसवला जातो, त्यावर मल्टिप्लाय किंवा अपारदर्शकता लावली जाते, आणि मग प्रत्येक पान दाखवताना प्रोग्रामला तो नव्यानं मिसळावा लागतो. असा पोत १५० पीपीआयला आणून ठेवा. त्यात वाचण्यासारखा तपशील नसतो. फिकटपणा फोटोशॉपमध्येच पक्का करून घ्या, म्हणजे पानावर पारदर्शकता लागणार नाही. आणि हा पोत स्वतंत्र लेअरवर ठेवून काम चालू असताना त्या लेअरचा डोळा बंद करा. एवढ्या एका गोष्टीनं काम किती हलकं होतं ते करून बघण्यासारखं आहे.

ड्रॉप शॅडो आणि फेदर यांचाही भार असतो. सावल्या शेवटच्या टप्प्यात, ऑब्जेक्ट स्टाइलमधून द्याव्यात. स्टाइल असली की एका ठिकाणी बदल करून सगळ्या सावल्या काढता किंवा लावता येतात.

जाहिराती बाहेरून येतात आणि त्यांच्या पोटात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. बांधकाम कंपनीच्या जाहिरातीत नकाशा असतो आणि तो कॅडमधून आलेला, लाखो बिंदूंचा वेक्टर असू शकतो. अशी पीडीएफ फोल्डरमध्ये अर्ध्या एमबीची दिसते आणि पान मात्र तिच्यामुळे रखडतं. ती फोटोशॉपमध्ये छापायच्या मापाला उघडून टिफ किंवा जेपीईजी करून घ्यायला हरकत नाही, पण जाहिरातीत बारीक अक्षरं असतील तर रिझोल्यूशन ६०० ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे फक्त नकाशाचं चित्र करणं आणि अक्षरं वेक्टरच ठेवणं.

फाइल कुठे आहे आणि केवढी आहे

पेन ड्राइव्हवर किंवा शेजारच्या संगणकावरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये फोटो ठेवून पानं लावू नका. इनडिझाइन लिंकांची ताजी स्थिती बघत राहतं आणि ती वाट अरुंद असेल तर सगळं अडतं. ढगातल्या फोल्डरचंही तसंच: गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमधली फाइल 'फक्त ऑनलाइन' असेल तर ती उघडताना आधी उतरते. काम संगणकातल्या एसएसडीवर करा आणि दिवसाअखेर तो फोल्डर ढगात किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. फोल्डरचा मार्ग मात्र कामाच्या मध्ये बदलू नका.

दोनशे पानांचा अंक एका फाइलमध्ये लावण्याऐवजी ३२ पानांच्या फाइल करा आणि त्या इनडिझाइनच्या बुक पॅनेलमध्ये जोडा. प्रेसचे फॉर्म (एकत्र छापले जाणारे पानांचे गट) सहसा १६ पानांचे असतात, म्हणून दोन फॉर्मची एक फाइल हा हिशेब सोयीचा पडतो. पानांचे क्रमांक बुक आपोआप सांभाळतं. एक फाइल बिघडली तर बाकीचा अंक सुरक्षित राहतो, आणि दोघांना दोन फॉर्मांवर एकाच वेळी काम करता येतं.

स्क्रायबस आणि कोरलड्रॉ

स्क्रायबस मोफत आहे आणि छोट्या संस्थांच्या स्मरणिका त्याच्यावर उत्तम होतात. तिथे फोटोच्या फ्रेमवर उजवं क्लिक करून पूर्वदृश्याच्या सेटिंगमध्ये लो, नॉर्मल किंवा फुल रिझोल्यूशन निवडता येतं. प्रेफरन्सेसमध्ये इमेज फ्रेमच्या भागात हेच सगळ्या नव्या फ्रेमांसाठी ठरवता येतं. तिथे लोच ठेवा. प्रेफरन्सेसमध्येच इमेज कॅश चालू करण्याची सोय आहे. तिनं जड फोटोंची फाइल पुन्हा उघडताना वेळ वाचतो. लावलेल्या फोटोंचं रिझोल्यूशन एक्स्ट्राज मेनूतून मॅनेज इमेजेसमध्ये दिसतं. इपीएस आणि पीडीएफ चित्रं दाखवायला स्क्रायबस घोस्टस्क्रिप्ट या वेगळ्या प्रोग्रामची मदत घेतं आणि ते संथ असतं, म्हणून एक्स्टर्नल टूल्समधलं त्याचं रिझोल्यूशन ७२ च राहू द्या. पीडीएफ एक्सपोर्ट करताना फोटोंची कमाल रिझोल्यूशन मर्यादा ३०० देता येते.

कोरलड्रॉमध्ये आयात केलेला फोटो थेट फाइलच्या पोटात जातो. म्हणून वीस फोटोंनंतर फाइल काहीशे एमबीची होते आणि ऑटो बॅकअप सुरू झाला की हात थांबतो. आयात करण्याच्या खिडकीत इम्पोर्ट बटणाशेजारच्या बाणातून एक्स्टर्नली लिंक्ड इमेज निवडता येते. ते जमत नसेल तर लावलेला फोटो निवडून बिटमॅप्स मेनूतून रीसँपल करा आणि ३०० द्या. पॉवरक्लिपमध्ये (आकाराच्या चौकटीत) घातलेल्या फोटोचा बाहेरचा भागही फाइलमध्येच असतो हे विसरू नका. मांडणी हलवायची असेल तेव्हा व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम, बाकी वेळ नॉर्मल.

कोरलवर फ्लेक्स करणाऱ्यांसाठी एक हिशेब. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ३०० ला सीएमवायकेत केला तर चार जीबीच्या वर जातो. ७२ ला तो २४० एमबीच्या आत बसतो, आणि रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

प्रेसला देण्याआधी

बंद केलेला पोताचा लेअर उघडा. लपलेला लेअर नेहमीच्या सेटिंगनं पीडीएफमध्ये जात नाही. लाइव्ह प्रीफ्लाइट चालू करा आणि त्यासाठी तपासणीच्या नियमांची स्वतःची प्रोफाइल बनवा: रंगीत व ग्रेस्केल फोटोंना किमान २५०, कमाल ६००, एक बिट चित्रांना किमान ८००. कमाल मर्यादेत अडकलेले फोटो म्हणजे लहान करायचे राहिलेले, किमान मर्यादेत अडकलेले म्हणजे व्हॉट्सअॅपवाले. दुसऱ्या प्रकारच्या फोटोंसाठी छायाचित्रकाराला आत्ताच फोन करा.

पीडीएफ एक्सपोर्टच्या कॉम्प्रेशन भागात ४५० च्या वरचे फोटो ३०० वर आणण्याची सोय असते, ती चालू ठेवा. एक बिट चित्रांची मर्यादा १२०० असू द्या. काही जण म्हणतात की पीडीएफ काढताना फोटो लहान होणारच, मग आधी कष्ट कशाला. पण ती पायरी अगदी शेवटी येते. तोवरचे तीन आठवडे तुम्ही त्याच जड पानांवर बसलेले असता.

तयार पीडीएफ अॅक्रोबॅटमध्ये उघडून आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये सायन, मजेंटा आणि पिवळ्या प्लेटवरच्या खुणा काढा आणि एकरंगी पानं चाळा. प्रत्येक फोटो तिथे जसाच्या तसा दिसला पाहिजे. मग उलटं करा: फक्त काळी प्लेट बंद ठेवा. एकरंगी पानावर काहीही उरलं, अगदी एखाद्या लेखकाचा फिकट चेहरासुद्धा, तर तो फोटो रंगीतच राहून गेला आहे. तो ग्रेस्केल करून, रीलिंक करून, फक्त तेवढ्या फॉर्मची पीडीएफ पुन्हा काढा.